कोरड्या वाटांवर दडवून ठेवलेलं पाणी आणि शिधा चोरीला जाणं: उपाय काय?

कोरडी_वाट

टेक्सासमधल्या बिग बेंड नॅशनल पार्कचा आउटर माउंटन लूप करायचं आम्हा चौघांचं ठरतंय, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात. साधारण ३० मैल, तीन दिवस, दोन मुक्काम. वाटेत भरवशाचं पाणी नाही, म्हणून चालायला लागण्याआधी गाडीने जाऊन होमर विल्सन रँचजवळच्या लोखंडी पेटीत पाणी ठेवून यायचं, अशी तिथली पद्धत आहे. पण त्या पेटीतलं पाणी कोणीतरी नेल्याच्या तक्रारी वरचेवर वाचायला मिळतात.

जाणकारांना चार प्रश्न. पाणी पेटीत ठेवावं की जवळच्या झुडपात दडवावं? कुलूप लावता येतं का? खाण्याचं सामानही ठेवावं का? आणि पोचलो तेव्हा पाणी नसेलच, तर पुढचा हिशोब कसा मांडायचा? ॲरिझोना ट्रेल, काँटिनेंटल डिव्हाइड किंवा युटाच्या वाळवंटातल्या लांब वाटांची माहिती असलेल्यांनीही लिहा, प्रश्न सगळीकडे तोच आहे.

---

चिसोसकर

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या तिन्हींची उत्तरं त्यावर ठरतात.

लूप कुठल्या दिशेने करणार आहात? घड्याळाच्या दिशेने गेलात तर चिसोस बेसिनहून पिनॅकल्सची वाट, बूट कॅन्यन, ज्युनिपर कॅन्यनचा उतार, मग डॉडसन ट्रेल आणि शेवटी होमर विल्सन. म्हणजे पेटीपाशी पोचेपर्यंत २० मैलांच्या वर चालून झालेलं असतं. अंगावरचं पाणी संपत आलेलं असतं आणि पुढे ब्लू क्रीकचे साडेपाच मैल, मग लगूना मेडोजहून बेसिनपर्यंत जवळपास चार मैल. सुरुवातीलाच दोन हजार फुटांहून जास्त चढ. इथे पेटी रिकामी निघाली तर चढायला लागायचं नाही. पण एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: होमर विल्सन रॉस मॅक्सवेल सिनिक ड्राइव्ह या डांबरी रस्त्याला लागून आहे. वर रस्त्यावर येऊन येणारी गाडी थांबवता येते. थँक्सगिव्हिंगला तर पार्कमध्ये भरपूर गर्दी असते.

उलट दिशेने गेलात, तर नऊ-साडेनऊ मैलांवरच पेटी लागते. पाणी नसेल तर ते डॉडसनवर पाऊल टाकण्याआधी कळतं. परत फिरता येतं किंवा रस्त्यावर येता येतं. चोरीची धास्ती असेल त्यांच्यासाठी हीच दिशा बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. तोटा एवढाच की पेटीपासून पुढचे २० मैल आणि ज्युनिपर कॅन्यनचा चढ हे सगळं तिथे उचललेल्या पाण्यावर काढायचं असतं. माणशी निदान दोन गॅलन, म्हणजे साडेसात किलो, त्या सकाळी पाठीवर येतं.

आकडे असे. पार्क माणशी दिवसाला १ गॅलन सांगतं. १ गॅलन म्हणजे ३.७८ लिटर, वजन पावणेचार किलोच्या आसपास. चौघांसाठी उलट दिशेने पेटीत ८ गॅलन हा किमान आकडा, ९ ठेवा. घड्याळाच्या दिशेने जाणार असाल आणि पेटीजवळ मुक्काम करून सकाळी चढणार असाल तर रात्रीचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता आणि चढ धरून माणशी दीड गॅलन, म्हणजे ६.

फ्रेस्नो क्रीक, अपर ज्युनिपर स्प्रिंग आणि बूट स्प्रिंग इथे कधीकधी पाणी असतं. परवाना घेताना रेंजरला ताजी स्थिती विचारा, गाळणी बरोबर ठेवा, पण हिशोबात मात्र ते शून्यच धरा.

---

सॅग्वारो

चिसोसकरांनी दिशेचा मुद्दा नेमका मांडला. माझ्याकडून ‘चोरी’बद्दल थोडी भर.

गायब झालेल्या साठ्यांमागे चार वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. सगळ्यांना चोरी म्हटलं की लोक कुलूप शोधायला लागतात, आणि कुलूप यातल्या जेमतेम एका कारणावर चालतं.

पहिलं कारण, आणि माझ्या मते रस्त्यालगतच्या सामायिक पेट्यांमध्ये सगळ्यात जास्त घडणारं: ते पाणी बेवारस समजून नेलं जातं. पेटीत आधीच्या गटांनी मागे सोडलेले अर्धवट कॅन असतात. कोणी ‘कोणीही घ्या’ असं लिहून ठेवलेलं असतं. त्यांच्या शेजारी तुमचे नावगाव नसलेले चार कॅन. तहानलेला माणूस फरक कसा ओळखणार? तो नेतो आणि त्याच्या मनात चोरीचा विचारही नसतो.

दुसरं, प्राणी. तिसरं, रेंजर किंवा साफसफाई करणारे स्वयंसेवक. चौथं, खरोखरच लबाडीने नेणारा माणूस.

ओळखायचं कसं? माणसाने नेलं असेल तर निवड दिसते: चांगलं तेवढं गेलेलं, झाकण नीट बंद, उरलेलं जागच्या जागी. कुरतडलेली कड, फाटलेल्या पिशव्या आणि वीस-पंचवीस पावलांच्या परिसरात पसरलेला कचरा म्हणजे प्राणी. कॅनला अणकुचीदार भोकं आणि पाणी झिरपून गेलेलं, तर डोमकावळा. सगळंच्या सगळं, भांड्यासकट, झाडून नेल्यासारखं गेलं असेल तर बहुतेक वेळा सरकारी हात. अशा वेळी आधी रेंजर कचेरीत चौकशी करावी, सामान जप्त करून ठेवलेलं असू शकतं.

---

कोरडी_वाट

म्हणजे कुलपापेक्षा चिठ्ठी महत्त्वाची? चिठ्ठीवर नेमकं काय लिहायचं?

---

सॅग्वारो

हो, सामायिक पेटीत चिठ्ठीच जास्त काम करते. मात्र ती शेवटपर्यंत टिकली पाहिजे आणि तिच्यात तारीख पाहिजे.

मजकूर इंग्रजीत, ठळक, चार ओळींत: गटाचं नाव किंवा आडनाव, परवाना क्रमांक, माणसं किती, आणि पाणी कोणत्या तारखेला उचलणार. खाली एक ओळ: ‘चार माणसं यावर अवलंबून आहेत, कृपया घेऊ नका.’ माणसांची संख्या लिहिल्याने खरंच फरक पडतो, कारण वाचणाऱ्याला ते पाणी कोणाच्या तरी घशाचं आहे हे कळतं. आणि ‘अमुक तारखेनंतर कोणीही घ्या’ असं अजिबात लिहू नका. एक दिवस उशीर झाला तर तुमच्याच सहीने पाणी जातं. शिवाय नेलेलं प्रत्येक भांडं परत आणायची जबाबदारी तुमची असते.

चिठ्ठी प्रत्येक कॅनला वेगळी. एकाच कॅनला लावली तर बाकीचे पोरके दिसतात. साध्या मार्करची शाई उन्हात उडते. ऑइल पेंट मार्करने थेट कॅनवर लिहा, किंवा कागदावर पेन्सिलने लिहून वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टीचा पूर्ण वेढा द्या. पेन्सिलची अक्षरं ना उन्हाने उडतात ना पाण्याने पसरतात. पट्टीचं टोक स्वतःवरच येऊ द्या, नुसती चिकटवली तर गरम प्लास्टिकवरून सुटते.

---

रानमेवा

कॅनची निवड हाही मोठा विषय आहे. अर्धी ‘चोरी’ ही मुळात गळती असते.

किराणा दुकानात १ गॅलनचे दोन प्रकार मिळतात. एक दुधाच्या कॅनसारखा, धुरकट पांढरा, दाबून बसवायच्या झाकणाचा. हा घेऊच नका. त्याची शिवण आणि तळाचे कोपरे नाजूक असतात, खडबडीत जागी ठेवला की बारीक चीर जाते आणि दोन-तीन दिवसांत आपोआप रिकामा होतो. उन्हात महिनाभर राहिला तर ठिसूळ होतो. दुसरा पारदर्शक, जाड, आट्यांच्या झाकणाचा. हा घ्या.

अडीच गॅलनचे तोटीवाले चौकोनी डबे तर टाळाच. तोटी दबली की पेटीत तळं. साडेपाच-सात गॅलनचे मोठे कॅन टिकाऊ असतात, पण भरलेला सात गॅलनचा कॅन २६ किलोच्या वर जातो आणि गळला किंवा गेला तर सगळं पाणी एकदम जातं. चौघांसाठी १-१ गॅलनचे नऊ कॅन हे तीन मोठ्यांपेक्षा कधीही चांगले.

घरी भरून कॅन एक रात्र वर्तमानपत्रावर आडवे ठेवा. सकाळी कागदावर ओल दिसली तो कॅन बाद. थंडीच्या दिवसांत वरचा दहावा भाग रिकामा सोडा, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि तोंडापर्यंत भरलेला कॅन फाटतो. नोव्हेंबरअखेर त्या उंचीवर रात्री गारठा पडू शकतो.

परत येताना पारदर्शक कॅन पायाखाली चेपून झाकण लावले की नऊ कॅनचा गठ्ठा एका पोत्यात मावतो. रिकामे कॅन पेटीत सोडून जाणारे लोकच पेटीचा उकिरडा करतात आणि मग साफसफाईत भरलेले कॅनही जातात.

---

नोंदवही

पेटी की झुडूप, यावर नियम काय म्हणतो ते लिहितो. पुष्कळांना तो माहीत नसतो.

अमेरिकेच्या संघीय नियमावलीत शीर्षक ३६, कलम २.२२ नॅशनल पार्कांना लागू होतं. सामान २४ तासांपेक्षा जास्त काळ बेवारस ठेवता येत नाही. पार्कने नेमून दिलेली जागा किंवा घातलेल्या अटी हा अपवाद. असं सामान पार्क जप्त करू शकतं. बिग बेंडमधल्या पेट्या या अपवादात बसतात, झुडूप बसत नाही. म्हणजे झुडपात तीन दिवस दडवलेलं पाणी रेंजरने उचललं, तर ती त्याची नोकरी आहे. शिवाय चिसोसमध्ये काळी अस्वलं आहेत आणि खाली हॅवेलिना म्हणजे रानडुकरासारखे दिसणारे कळपाने फिरणारे प्राणी. वासाची कुठलीही वस्तू उघड्यावर ठेवणं तिथे गुन्हाच आहे.

ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट (बीएलएम) या संघीय खात्याच्या जमिनीवर शीर्षक ४३, कलम ८३६५.१-२ आहे. नेमलेल्या छावणीच्या बाहेर वैयक्तिक सामान १० दिवसांपेक्षा जास्त बेवारस ठेवायचं नाही. अलास्कात ही मुदत १२ महिने. युटा-ॲरिझोनाच्या लांब वाटांवर लोक सहा-सहा आठवडे आधी बादल्या ठेवून येतात, ते सरळसरळ या मुदतीबाहेर जातं. फॉरेस्ट सर्व्हिसच्या जमिनीवर मुदती जंगलागणिक बदलतात, त्या त्या रेंजर डिस्ट्रिक्टला फोन करून विचारायचं.

कुलूप: सामायिक पेटीला स्वतःचं कुलूप लावायचं नाही. ती पेटी सगळ्यांची आहे. आतल्या बादलीला केबल-कुलूप लावणारे लोक आहेत. त्याने फायदा कमी आणि आत काहीतरी मौल्यवान असल्याची जाहिरात जास्त.

---

कातळकडा

नोंदवही, नियमाबाबत सहमत. पण पेटी नसलेल्या ठिकाणी दडवावंच लागतं, आणि तिथे जागेची निवड चुकते म्हणून साठे जातात. बीएलएमच्या जमिनीवर, दहा दिवसांच्या आत उचलायचं आहे असं धरून लिहितो.

गाडी थांबवायची जागा आणि साठ्याची जागा यांत अंतर ठेवा. साठे बहुतेक रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेपासून पन्नास पावलांच्या आत असतात, कारण वीस किलो पाणी उचलून कोणाला लांब जायचं नसतं. शोधणाऱ्यालाही हे माहीत असतं. निदान दीडशे-दोनशे मीटर आत जा, मध्ये एखादा उंचवटा येऊ द्या. जाताना कातळावरून किंवा खडीवरून पावलं टाका. मऊ वाळूत केलेल्या तीन फेऱ्यांनी जी पायवाट उमटते ती आठवडाभर दिसते. आणि वाळवंटातली काळसर, खडबडीत जिवंत माती तर तुडवायचीच नाही, ती तयार व्हायला अनेक दशकं लागतात.

कोरड्या ओढ्याच्या पात्रात ठेवू नका. सोपं आणि सावलीचं वाटतं, पण वर कुठेतरी पाऊस पडला की सगळं वाहून जातं आणि लोक चोरी झाली म्हणतात. एकट्या ठळक झाडाखाली, दगडांच्या रचलेल्या लगोरीपाशी, कुंपणाच्या कोपऱ्यात ठेवू नका. स्वतःला ओळखायला सोपी जागा दुसऱ्यालाही सोपी असते. मोठ्या खडकाच्या उत्तरेची बाजू घ्या, दिवसभर सावली मिळते.

कपारी आणि कातळाखालच्या ओवऱ्या पूर्ण वर्ज्य. कोलोरॅडो पठारावर अशा जागांमध्ये प्राचीन वस्त्यांचे अवशेष असतात. १९७९ च्या पुरातत्त्व संपदा संरक्षण कायद्याखाली तिथे खणणं किंवा काही हलवणं गंभीर गुन्हा आहे. खड्डा खणून पुरण्याच्या मी एकूणच विरुद्ध आहे. बादली बुटक्या झुडपाच्या आत सरकवून वर गळलेल्या काटक्या घातल्या की पुरे. रंग खाकी किंवा मातकट. दुकानातली भडक नारिंगी बादली असेल तर आधी चमक नसलेला स्प्रे मारा.

जागेची नोंद तीन प्रकारांनी. जीपीएस बिंदू पाच-दहा मिनिटांच्या अंतराने तीनदा घ्या, कॅन्यनच्या भिंतींमध्ये वीस-तीस मीटर चूक सहज येते. रस्त्याकडून साठ्याकडे आणि साठ्याकडून रस्त्याकडे असे दोन्ही दिशांचे फोटो. आणि कागदावर वर्णन: अमुक मैलाच्या पाटीपासून कंपासच्या इतक्या अंशांवर इतकी पावलं. फोन बंद पडला की कागदच कामाला येतो.

---

भटकी_ताई

यात एक राहिलं. जागा इंटरनेटवरून फुटते. घड्याळाचा किंवा फोनचा माग सार्वजनिक असेल तर रस्त्यावरून आत दोनशे मीटर जाऊन परत आलेली ती छोटी रेघ नकाशावर स्पष्ट दिसते. फोटोमध्येही अक्षांश-रेखांश चिकटलेले असतात. ट्रेलच्या ॲपमधल्या टिप्पण्यांत ‘या क्रॉसिंगला आमचं पाणी आहे’ असं लिहिणारे तर कितीतरी. साठा उचलून होईपर्यंत माग खाजगी ठेवा आणि फोटो टाकू नका. मात्र घरी एका माणसाकडे जागांची पूर्ण यादी आणि उचलायच्या तारखा असू द्या, शोधपथकाला त्याच कामी येतात.

---

कोरडी_वाट

भरभरून माहिती मिळतेय, सगळ्यांचे आभार. खाण्याच्या साठ्याबद्दल कोणी लिहील का? तीन दिवसांसाठी आम्हाला लागणार नाही हे कळतंय, पण पुढे युटातला हेड्यूक ट्रेल टप्प्याटप्प्याने करायचा विचार आहे.

---

रानमेवा

हेड्यूक ट्रेल आर्चेस नॅशनल पार्कपासून झायन नॅशनल पार्कपर्यंत सुमारे ८०० मैल. मधल्या कोरड्या, वस्तीपासून दूर टप्प्यांसाठी लोक अन्नाच्या बादल्या ठेवतात. प्रचलित मापाची म्हणजे ५ गॅलनची, १९ लिटरची जाड प्लास्टिकची बादली आणि तिच्यावर रबरी कड असलेलं, आट्यांनी फिरवून बसणारं वेगळं मिळणारं झाकण. मूळचं दाबून बसवायचं झाकण एकदा उचकटलं की पुन्हा हवाबंद बसत नाही. एका माणसाचा पाच ते सहा दिवसांचा शिधा एका बादलीत बसतो, पाणी वेगळं.

बादली उंदरांपासून वाचवते असा समज आहे तो अर्धाच खरा. वाळवंटी घुशी झाकणाची कड कुरतडतात. सुरुवात नेहमी त्या कडेपासून, कारण सपाट भिंतीवर दात बसत नाहीत. म्हणून वास रोखणं हाच बचाव. अन्न ५ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीच्या चंदेरी पिशव्यांत, इस्त्रीने किंवा सीलरने पक्कं बंद करून. पिशव्या भरून झाल्यावर हात धुवा आणि मगच बादलीला हात लावा. मसाल्याच्या हातांनी पुसलेली बादली बाहेरूनच वास सोडते. आपल्या शिध्यात हिंग, गोडा मसाला, मेतकूट असतं. यांचा वास साध्या झिप पिशवीतून एका रात्रीत बाहेर येतो. त्यांना दोन आवरणं द्या.

अस्वलं असलेल्या भागात बादली अजिबात चालत नाही, अस्वल ती चेपून उघडतं.

काय ठेवू नये: तेलकट चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू उन्हाळी साठ्यात खवट होतात, गूळ पाझरतो आणि पिशवीला भोक असेल तर मुंग्या लागतात, चॉकलेटचा चिखल होतो. भाजलेले पोहे, सातू, खाकरे, वाळवलेली उसळ, दुधाची पावडर, तांदूळ-मुगाच्या भाजलेल्या खिचडीचं कोरडं मिश्रण हे टिकतं. तूप छोट्या आट्यांच्या बरणीत, ती बरणी दोन पिशव्यांत, आणि बादलीत उभी.

गॅसची नळकांडी बादलीत ठेवू नका. तिच्यावरच ५० अंश सेल्सियसच्या वर तापवू नका असं लिहिलेलं असतं. उन्हातल्या बंद बादलीत हे तापमान सहज गाठलं जातं, आणि गळती झाली तर सगळ्या अन्नाला तो वास लागतो.

---

कातळकडा

लष्करी बनावटीचा पत्र्याचा दारूगोळ्याचा डबा घ्यावा असं काही जण सुचवतात. उंदराला तो पक्का, हे खरं. पण तो स्वतःच पळवण्याजोगा असतो, उन्हात बादलीपेक्षा जास्त तापतो, आणि रस्त्याजवळ कोणाला दिसला तर बॉम्बच्या शंकेने पोलीस येऊ शकतात. जंगलात खूप आत असेल तरच.

चोराच्या दृष्टीने विचार केला तर साठ्यात विकण्याजोगं काही नसणं हे सगळ्यात उत्तम. स्टोव्ह, बॅटऱ्या, बूट, औषधं, रोख रक्कम, गाडीची किल्ली: यातलं काहीही साठ्यात नको. पाणी आणि साधं अन्न एवढंच. पायथ्याशी उभ्या गाडीतही हे नियम लागू, काचेतून काही दिसता कामा नये.

---

सॅग्वारो

न्यू मेक्सिकोतल्या काँटिनेंटल डिव्हाइड ट्रेलचा दक्षिण टोकाचा टप्पा या चर्चेत यायलाच हवा. मेक्सिकोच्या सीमेवरच्या क्रेझी कुक स्मारकापासून लॉर्ड्सबर्गपर्यंत सुमारे ८५ मैल. तिथे ट्रेलची संस्था पाच ठिकाणी लोखंडी पेट्यांमध्ये पाणी भरून ठेवते. दोन पेट्यांमधलं अंतर सरासरी १४ मैल. हा सगळ्या चालणाऱ्यांसाठीचा साठा आहे, म्हणून इथे प्रश्न उलटा होतो: पुढच्याने गरजेपेक्षा जास्त घेतलं की मागच्याला कमी पडतं. केस धुवायला, कपडे बुचकळायला, कुत्र्याला आंघोळ घालायला हे पाणी वापरणं म्हणजे मागून येणाऱ्याच्या तोंडचं काढून घेणं आहे. मला हे चोरीइतकंच वाईट वाटतं.

हिशोब नेहमी ‘पुढची एक पेटी रिकामी आहे’ असं धरून करायचा. १४ मैलांसाठी चार लिटर पुरत असतील तर २८ मैलांचं, म्हणजे सात-आठ लिटर घेऊन निघायचं. वाटेत गुरांच्या टाक्या आणि सौर पंपाच्या विहिरी आहेत. पाणी शेवाळलेलं असतं, पण रुमालातून गाळून मग फिल्टरमधून काढलं तर पिण्याजोगं होतं. आधी नुसतं फिल्टरला लावलं तर दोन लिटरमध्ये फिल्टर तुंबतो.

ॲरिझोना ट्रेल साधारण ८०० मैलांचा. तिथेही काही रस्ता-क्रॉसिंगांवर पेट्या आहेत, फ्रीमन रोडची ठाऊक असेल. त्यात खाजगी आणि सार्वजनिक पाणी एकत्र असतं. नाव-तारीख लिहिलेला कॅन खाजगी, कोरा कॅन सगळ्यांचा, असा तिथला रिवाज आहे. आपला कॅन कोरा ठेवणाऱ्याने नंतर तक्रार करण्यात अर्थ नाही.

---

भटकी_ताई

एक अवघड प्रश्न. पेटीत नाव-तारीख लिहिलेलं दुसऱ्याचं पाणी आहे आणि आपलं गेलंय. तेव्हा काय करायचं?

---

चिसोसकर

ताई, रस्ता जवळ असेल तर हात लावायचा नाही. रस्त्यावर जाऊन गाडी थांबवायची. होमर विल्सनला हेच उत्तर आहे, दुसरं नाही.

रस्ता नाही, उन्हाचा त्रास सुरू झालाय, माणूस बडबडायला लागलाय, लघवी बंद झालीय: अशा वेळी जीव आधी. पण एका माणसाला बाहेर पडण्यापुरतंच, एक-दोन लिटर. आणि त्याच कॅनवर तारीख, वेळ, किती घेतलं आणि का घेतलं ते लिहायचं, म्हणजे मालकाला पुढे निघण्याआधी आपल्याकडे किती कमी आहे ते कळतं. बाहेर पडल्यावर लगेच रेंजरला कळवायचं, तो वेळेत पाणी पोचवू शकतो. गुपचूप प्रत्येक कॅनमधून थोडंथोडं काढणं सगळ्यात घातक. मालक कॅन मोजतो, पूर्ण आहेत म्हणतो आणि दोन लिटर कमी घेऊन डॉडसनवर निघतो.

---

सह्यवाट

पुण्याहून लिहितोय. आपल्याकडच्या रेंज ट्रेकची पद्धत इथे उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात. रतनवाडीहून रतनगड, कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड असा लांब ट्रेक करणारे गट दुसऱ्या टप्प्याचा शिधा जंगलात दडवत नाहीत, कुमशेतला किंवा पाचनईला ओळखीच्या घरी ठेवतात. पोतं शिवून बंद, वर गटाचं नाव आणि यायची तारीख, सोबत ठेवण्याचे आणि पुढच्या जेवणाचे पैसे. गुहेत किंवा देवळात ठेवलेलं सामान माकडं आणि उंदीर आधी गाठतात. माणसाच्या राखणीला तोड नाही.

अमेरिकेतही वाटेवर जिथे दुकान, मोटेल, रँच किंवा पोस्ट ऑफिस असेल तिथे हेच करता येतं ना?

---

नोंदवही

हो, आणि करावंच. पोस्ट ऑफिसमध्ये ‘जनरल डिलिव्हरी’ने स्वतःच्या नावे खोकं पाठवता येतं, ते साधारण ३० दिवस ठेवतात आणि ओळखपत्र दाखवून मिळतं. खोक्यावर यायची अंदाजे तारीख लिहायची. छोट्या गावांतली पोस्टं शनिवारी दोन-तीन तासच उघडी असतात, काही बंदच असतात, एवढं पाहून ठेवायचं. कॅलिफोर्नियात जॉन म्यूर ट्रेलवर म्यूर ट्रेल रँचला आधीच बादली पाठवायची सोय आहे, तिथले कर्मचारी ती सांभाळून ठेवतात, पैसे मात्र बरेच पडतात. दडवलेला साठा फक्त तिथे, जिथे माणूस नाही.

---

कोरडी_वाट

आता ठरलं: उलट दिशा, पेटीत नऊ कॅन, प्रत्येकाला चिठ्ठी. अजून दोन शंका. बिग बेंडमध्ये दुसरी पेटी ज्युनिपर कॅन्यनच्या तोंडाशी आहे असं वाचलं, तिथेही ठेवावं का? आणि पाणी ठेवून आल्यावर ट्रिप रद्द झाली तर?

---

चिसोसकर

ज्युनिपरची पेटी आहे, पण तिथपर्यंतचा कच्चा रस्ता उंच चाकांच्या गाडीचा आहे, पावसानंतर तर जास्तच खराब. भाड्याची सेडान घेऊन जाऊ नका. गाडी मिळत असेल तर नऊपैकी चार कॅन तिथे ठेवा. डॉडसन संपताना आणि चढ सुरू होण्याआधी पाणी मिळतं, पाठीवरचं वजनही निम्मं होतं. पण होमर विल्सनहून निघताना ज्युनिपरचे चार कॅन नाहीतच असं धरून चालता येईल का, हे बघा. येत नसेल तर सगळे नऊ होमर विल्सनलाच राहू द्या.

ठेवायला जाल तेव्हा अर्धा दिवस मोकळा ठेवा आणि शक्यतो चालायला लागायच्या आदल्या दिवशी संध्याकाळीच ठेवा. आठवडाभर आधी ठेवलेलं पाणी आठवडाभर लोकांच्या नजरेत राहतं. पेटीत मागच्या कोपऱ्यात, चिठ्ठ्या समोर येतील असे लावा, आणि ठेवून झाल्यावर एक फोटो काढा.

ट्रिप रद्द झाली तर तुम्ही स्वतः जाऊन कॅन काढायचे. ते खरंच शक्य नसेल, म्हणजे कोणी आजारी पडून थेट घरी परतावं लागलं, तर पार्कच्या परवाना कचेरीला फोन करून परवाना क्रमांक, पेटी आणि कॅनची संख्या सांगा. मग त्यांना तुम्ही वाटेत अडकलात की घरी गेलात हा प्रश्न पडत नाही. तुमच्या तारखेनंतरही भरलेले कॅन तसेच दिसले, तर रेंजर तुमची गाडी बेसिनमध्ये उभी आहे का ते पाहायला जाऊ शकतो आणि शोध सुरू होऊ शकतो.